चित्राखालचा आवाज

समजा, हे काम तुमच्याकडे आलंय.

समोर दोन व्हीसीआर, दोन लहान टीव्ही आणि एक टेपरेकॉर्डर. डावीकडच्या मशीनमध्ये कॅमेऱ्यातून काढलेली कॅसेट आहे, तीन तास काठोकाठ भरलेली. उजवीकडे कोरी कॅसेट. तीन तासांचं लग्न दोन तासांत बसवायचंय. डावीकडे प्ले, उजवीकडे रेकॉर्ड, नको तिथे पॉज. बोट अर्धा सेकंद चुकलं तर नवरीच्या गळ्यातला हार एकदम गायब होतो आणि सगळं मागे नेऊन पुन्हा करावं लागतं.

कापाकापी झाली की आवाजाकडे वळा. मंडपातला आवाज म्हणजे जनरेटरची घरघर, पंगतीतली भांडी, रडणारी पोरं, "ए बाजूला हो ना, दिसत नाय" म्हणणारा मामा आणि मधूनच कुईं करून ओरडणारा माईक. या गोंधळात एक माणूस उभा राहून नवरा-नवरीला चार गोष्टी सांगतोय. तुमच्या टेपरेकॉर्डरमध्ये गाण्यांची कॅसेट तयार आहे. तुम्ही त्या माणसाचा आवाज ठेवाल, की त्याच्यावर गाणं टाकाल?

घाईत उत्तर देऊ नका. बबनकाकांनी बारा वर्षांत साडेतीनशे लग्नांचं मिक्सिंग केलं आणि प्रत्येक वेळी गाणं टाकलं.

भाईंदर पूर्वेला, खारी गावात शिरणाऱ्या रस्त्यावर त्यांचा आठ बाय दहाचा गाळा आहे. आज तिथे पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन होतं. काचेवर एक कागद चिकटवलाय, 'जुन्या कॅसेट पेनड्राइव्हमध्ये करून मिळतील'. त्याखाली नीट बघितलं तर 'सीडी करून मिळेल' अशी जुनी पुसट अक्षरं दिसतात. काकांचे वडील गिरगावात एका छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाच्या खिळ्यांची जागा ऑफसेटने घेतली, खिळे भंगारात किलोवर गेले, आणि १९८८ साली ते कुटुंब घेऊन भाईंदरला राहायला आले. मुलाला त्यांनी एकच सांगितलं, "छापखान्यात जाऊ नको. टीव्हीच्या लाइनीत जा, ती कायमची आहे."

टीव्हीच्या लाइनीत म्हणजे दिपेशभाईंच्या स्टुडिओत. दिपेशभाई ऑर्डर घ्यायचे, बबनकाका कॅमेरा खांद्यावर घ्यायचे आणि मग आठवडाभर मिक्सिंगला बसायचे. त्यांची बायको सुचेताकाकू तेव्हा शेजारच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती. ती संध्याकाळी येऊन कुठल्या प्रसंगाला कुठलं गाणं ते ठरवायची. हळदीला वेगळं, जेवणाच्या पंगतीला वेगळं, पाठवणीला रडवणारं. "बबनच्या कॅसेटमध्ये खरखर ऐकू येत नाही," असं लोक म्हणायचे. हीच त्यांची ख्याती होती आणि हाच त्यांचा अभिमान.

या साडेतीनशेतली शंभरेक लग्नं बौद्ध कुटुंबांतली. ती काकांकडे येण्याचं कारण नागोराव हनवते. नागोराव नांदेडकडचे, टेलिफोन खात्यात लाइनमन. नोकरी सांभाळून ते बौद्धाचार्य म्हणून लग्नं लावायचे. त्रिसरण-पंचशील द्यायचे, वधू-वरांकडून प्रतिज्ञा म्हणून घ्यायचे आणि शेवटी दहा मिनिटं बोलायचे. पट्टीचे बोलणारे. ज्या घरी लग्न ठरायचं तिथे ते तारखेबरोबर हेही सांगून टाकायचे, "व्हिडिओ बबनला द्या."

आता काकांची पद्धत ऐका. मंडपात माईक खरखरायचा, म्हणून नागोराव वंदना म्हणत असतील तिथे काका बाजारात मिळणारी वंदनेची तयार कॅसेट लावायचे. स्टुडिओत रेकॉर्ड केलेली, स्वच्छ, मागे तबला-हार्मोनियम. चित्रात ओठ हलायचे नागोरावांचे, आवाज यायचा कुणा अनोळखी गायकाचा. नंतरच्या दहा मिनिटांच्या भाषणावर सनई. शंभर घरांतल्या शंभर कॅसेटमध्ये नागोराव हात हलवत बोलतायत आणि सनई वाजतेय.

कुणी तक्रार केली नाही. काकांना त्यात काही चुकतंय असं वाटलंही नाही.

गेल्या सप्टेंबरात नागोरावांची नात तेजश्री गाळ्यात आली. बाविसेक वर्षांची, हातात मोठा फोन. तिच्या मागून पायरी चढत नागोराव. पंचाहत्तरीचे, गळ्याला पांढरा रुमाल बांधलेला. २००८ साली घशाच्या कॅन्सरमध्ये त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हापासून ते गळ्याला केलेल्या छिद्रातून श्वास घेतात. बोलत नाहीत. लग्नं लावणंही तेव्हाच थांबलं.

"जय भीम, दादा! या, बसा!" काका ओरडलेच.

नागोरावांनी पिशवीतून एक काळी पाटी काढली. पोरांना खेळायला मिळते तसली, हिरवी अक्षरं उमटणारी, बटण दाबलं की पुसली जाणारी. त्यावर लिहिलं, 'कान आहेत. घसा गेलाय.'

काका ओशाळून हसले. तेजश्रीने काम सांगितलं. तिच्या भावाचं, संघर्षचं लग्न डिसेंबरात होतं. लग्न आजोबांनीच लावावं, अशी संघर्षची इच्छा. आता अशी अ‍ॅप आलीत की माणसाचा दहा मिनिटांचा जुना आवाज दिला तर फोन त्या आवाजात बोलतो. आजोबांनी टाइप करायचं, फोनने त्यांच्या आवाजात म्हणायचं.

"पण काका, आवाजच नाहीये. ऑपरेशन झालं तेव्हा घरात बटणाचा फोन होता. मी पाच वर्षांची. मला आजोबांचा आवाज आठवतच नाही, खरं सांगते. आईच्या लग्नाची सीडी लावली तर त्यात कोणीतरी दुसराच गातोय."

"कुठल्या सालचं लग्न?"

"शहाण्णव. तुम्हीच केलं होतं ना?"

काकांनी मान हलवली. नागोराव पाटीवर लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी पाटी काकांच्या तोंडासमोर धरली.

'डॉक्टरांच्या आधी माझा आवाज तू काढलास.'

आणि ते हसले. आवाज नसलेलं हसणं, नुसते खांदे हलतात आणि रुमालाखाली हवा फसफसते. तेजश्रीही हसली. काकांना हसायला जमलं नाही. सुचेताकाकू सांगते, त्या दिवशी दुपारी ते जेवायला घरी आले आणि अर्ध्या ताटावरून उठले.

पहिल्यांदा त्यांनी स्वतःचा पोटमाळा उपसला. कॅमेऱ्यातून काढलेल्या मूळ कॅसेटमध्ये मंडपातला खरा आवाज असणार. चाळीसेक कॅसेट निघाल्या. प्रत्येकीच्या पाठीवर नावाची चिठ्ठी, त्या चिठ्ठीवर दुसरी चिठ्ठी, तिच्यावर तिसरी. काका नखाने एकेक सोलत गेले. वर शहांचा साखरपुडा, खाली डिसोजांचं लग्न, त्याखाली मुंज, तळाला हनवते. कॅसेट महाग असायच्या. एका लग्नाचं मिक्सिंग झालं की तीच कॅसेट पुढच्या लग्नाला कॅमेऱ्यात जायची. सगळ्याच स्टुडिओंची ती रीत होती. तळाच्या चिठ्ठीवर नाव होतं, फितीवर कुणीच नव्हतं.

दुसरा मार्ग म्हणजे जुनी गिऱ्हाइकं. काकांनी डायरीतून बौद्ध लग्नं वेगळी काढली आणि फोन लावायला घेतले. अर्धे नंबर बंद. उरलेल्यांपैकी बहुतेकांकडे सीडी होती, ती कुठल्याच मशीनवर चालत नव्हती. कॅसेट कुणाकडेच नव्हती. राई गावातली एक बाई फोनवर म्हणाली, "अहो, तुम्हीच नाय का म्हणालात? सीडी शंभर वर्षं टिकते, ही डबडी टाकून द्या. आमची फीत शेजारच्या कोळणीने मागून नेली. बोंबील वाळत घातले होते ना, तिथं बांधली. वाऱ्याने फुरफुरते, मग कावळे येत नाय."

"कधीची गोष्ट?"

"झाली की वीस वर्षं. कावळे नाय आले पण."

२००४ साली काकांनी खरंच घरोघरी जाऊन हे सांगितलं होतं. व्हीएचएस कॅसेटवरून सीडी करून द्यायची आणि जुनी कॅसेट फेकायला सांगायची. मग डीव्हीडी आली, तेव्हा सीडी फेकायला सांगितलं. मग पेनड्राइव्ह. आता लोकांच्या फोनमध्येच टीव्ही, रेडिओ, अल्बम, पत्र सगळं एकत्र झालंय आणि फेकायला वेगळी वस्तूच उरलेली नाही. दर वेळी काकांना वाटायचं, आपण माणसांना पुढे नेतोय. आता डायरीत एकेका नावावर काट मारताना त्यांना दिसत होतं की दर मुक्कामाला आपण काहीतरी मागे टाकून यायला लावलंय.

शेवटून चौथं नाव होतं दशरथ तांब्यांचं, राहणार भाईंदरजवळचं डोंगरी गाव. १९९९ साली त्यांच्या मुलीचं, नीलमचं लग्न झालं होतं. फोन लागत नव्हता. काका एका रविवारी भाईंदर पश्चिमेहून बस पकडून डोंगरीला गेले. दशरथ ऐंशीला टेकलेले, एकटेच राहतात. ओळख पटायला वेळ लागला. कॅसेटचं नाव काढल्यावर त्यांनी टीव्हीच्या टेबलाकडे बोट दाखवलं.

"टीव्ही नाही हो. कॅसेट, कॅसेट," बबनकाका म्हणाले.

"कळलं रे. खाली बघ, टेबलाखाली. जमीन बसली तिथली, टेबल डगमगायचं. म्हणून पायाखाली घातलीय."

काकांनी टेबल उचलून कॅसेट ओढली आणि त्या जागी बसच्या तिकिटाबरोबर खिशात असलेला पुठ्ठ्याचा तुकडा दुमडून घातला. दशरथ म्हणाले, "ने. पण परत आण. टेबलासाठी नाही म्हणत. नीलमची आई आहे त्यात."

कॅसेटच्या खिडकीतून बुरशी दिसत होती. खाडीच्या हवेला फितीवर पांढरी पूड धरते. काकांनी मागचे पाच स्क्रू काढून दोन्ही रिळं नव्या खोक्यात बसवली आणि दोन दिवस बसून फीत कापसाने पुसली, हातभर पुढे सरकवायची, पुसायची. अडचण एवढीच होती की आत काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. गाणी. त्यांनी स्वतः टाकलेली. तरी फीत खराब होण्याआधी निदान चित्र तरी उतरवून दशरथांना देऊ, म्हणून ते कामाला लागले. त्यांचं स्वतःचं मशीन नेमकं तेव्हाच बंद पडलं होतं. ते दिपेशभाईंकडे गेले.

दिपेशभाई आता घरांची दलाली करतात. स्टुडिओतलं मोठं मशीन त्यांच्या माळ्यावर पडून होतं. "ले जा ने, बबन. मेरे को तो वजन है," ते म्हणाले.

गाळ्यात मशीन लावलं. सुचेताकाकू डबा घेऊन आली होती. काकांनी प्ले दाबलं. वर-खाली थरथरत चित्र आलं, निळा मंडप, आणि जनरेटरची घरघर ऐकू आली.

"हे काय?" काकू म्हणाली. "तू गाणं टाकलं नव्हतंस?"

"टाकलं होतं."

पंगतीतली भांडी वाजत होती. एक पोर रडत होतं. कुणीतरी ओरडलं, "ए लाइटवाले, इकडं मार ना." काकांना वाटलं, चुकून दुसरीच कॅसेट आली. त्यांनी मशीनच्या पुढचं बारीक झाकण उघडलं. आत एक स्विच होता. तो सरकवला आणि सनई सुरू झाली. परत सरकवला, तर सनई गेली आणि मंडप आला.

ही जादू नाही. व्हीएचएसच्या फितीवर आवाज दोन ठिकाणी असू शकतो. फितीच्या काठाला एक बारीक पट्टी असते, साधी मशीन तेवढीच वाचतात. दिपेशभाईंनी १९९७ साली हौसेने घेतलेलं मशीन हाय-फाय होतं. ते काठावर तर आवाज लिहायचंच, शिवाय फिरत्या हेडने चित्राच्या खालच्या थरात तोच आवाज आणखी एकदा लिहायचं. नंतर गाणं टाकताना फक्त काठाची पट्टी पुसली जायची. चित्राखालच्या आवाजाला धक्का लागायचा नाही, कारण तो पुसायचा तर चित्रच पुसावं लागलं असतं. लोकांच्या घरी साधी मशीन, म्हणून कुणालाच तो कधी ऐकू आला नाही. सीडी करतानाही काकांनी आपल्या साध्या मशीनवरूनच केल्या.

पहिली कॅसेट मुलीकडच्यांना आणि तिची कॉपी मुलाकडच्यांना, अशी त्यांची रीत होती. दशरथांकडची पहिली होती, म्हणून खालचा थर शाबूत होता.

काकांनी दिपेशभाईंना फोन लावला. पलीकडून दिपेशभाई सहज म्हणाले, "मैंने तो तब भी बोला था, इसमें दो आवाज रहता है. तू ही बोला, पार्टी के घर पे कौन सुनेगा."

म्हणजे १९९७ नंतरच्या प्रत्येक लग्नात आवाज होता. दीडशे-दोनशे लग्नं. ज्या डबड्यांना फेकून द्या म्हणून काका घरोघर फिरले, त्या प्रत्येक डबड्यात, चित्राखाली. राईला बोंबलांवर फुरफुरणाऱ्या फितीतसुद्धा.

ते स्टुलावर बसून राहिले. टीव्हीवर नागोराव आले. काळे केस, पांढरा शर्ट, हातात माईक. जाड, नांदेडच्या मातीतला आवाज. पण ते वधू-वरांशी बोलत नव्हते. ते सरळ कॅमेऱ्याकडे बघत होते.

"ए व्हिडिओ! बबन! इकडं बघ जरा. दर लग्नात माझ्या तोंडातून भलत्याचाच आवाज निघायलाय बाबा. माझी बायको म्हणती, तुमच्या अंगात कोण आलं? ह्या टायमाला माझाच ठेव."

मंडप हसला. आणि कॅमेऱ्यामागून, अगदी माईकच्या जवळून, एक तरुण आवाज आला, "हो दादा. ठेवतो. नक्की."

तो आवाज काकांचा होता.

त्यानंतर वंदना, प्रतिज्ञा आणि भाषण. सगळं मिळून अकरा मिनिटं. तेजश्रीला हवं होतं त्याहून एक मिनिट जास्तच.

सुचेताकाकूने डबा तसाच बांधला. मग म्हणाली, "सुरुवातीचं काप. वीस सेकंद तर आहेत. तिला पुढचंच हवंय."

"तुला आठवतंय का गं मी असं बोललो होतो?"

"मला कसं आठवेल? मी मंडपात नव्हते. गाणी तेवढी मी दिली." पिशवी उचलत ती म्हणाली, "कापतोस का?"

आयुष्यभर हेच काम केलेला माणूस. वीस सेकंद कापणं आता माउसच्या दोन क्लिकचं काम होतं, पॉजवर बोट ठेवून बसण्याचंही नव्हतं. कुणाला कळलं नसतं. काका दोन दिवस ती फाइल उघडून बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी नागोरावांना बोलावलं आणि काहीही न कापता लावलं.

सतरा वर्षांनी नागोराव स्वतःचा आवाज ऐकत होते. तेजश्री आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी आजोबांकडे न बघता स्पीकरकडे बघत होती. "अंगात कोण आलं?" इथे नागोरावांचे खांदे हलले. "हो दादा, ठेवतो" इथे ते थांबले. टीव्हीवर वंदना सुरू झाली आणि त्यांचे ओठ आपोआप हलू लागले. समोर तरुण ओठ, इकडे म्हातारे ओठ, आवाज एकच.

संपल्यावर त्यांनी पाटीवर लिहिलं, 'माईकवाला चोर होता. किती खरखर.'

"दादा, मी शब्द दिला होता," काका म्हणाले. "आणि नंतर इथे बसून सनई टाकली. मला आठवतसुद्धा नाही. पण एक विचारू का? तुम्हाला कळत होतं. घरोघरी लावायचे तेव्हा तुम्ही बघत होतात. या लग्नानंतरही चार वर्षं मी तेच करत राहिलो. आणि तुम्ही प्रत्येक घरी माझंच नाव सांगत राहिलात. का?"

नागोरावांनी पाटी मांडीवर घेतली. लिहिलं. बराच वेळ लिहिलं. मग ते स्वतःच वाचून त्यांनी बटण दाबलं. पाटी काळी झाली आणि ते चहाला चला म्हणून उठले.

तेजश्रीने अकरा मिनिटं अ‍ॅपला दिली. आठवड्याने नागोरावांच्या फोनला आवाज आला. पहिल्यांदा त्यांनी टाइप केलं ते घरात सगळ्यांना पाठ झालंय. फोन त्यांच्या आवाजात म्हणाला, "तेजश्री, चहा." तेजश्री उठली. मग परत फोन म्हणाला, "साखर नीट घाल. तुझी आई चोरती." सगळे हसले आणि तेजश्रीची आई स्वयंपाकघरात जाऊन रडली.

काकांना मात्र त्यांनी पाटीवर वेगळंच लिहून दाखवलं. 'आधी ओठ माझे, आवाज दुसऱ्याचा. आता आवाज माझा, ओठ कुणाचे?'

लग्नाआधी आणखी एक अडचण आली. अ‍ॅपला मराठी जमत होतं, पाली जमत नव्हती. त्रिसरण म्हणताना ते भलतीकडेच श्वास घ्यायचं, शाळेत धडा वाचल्यासारखं. शेवटी ठरलं की वंदना कॅसेटमधलीच लावायची आणि नागोरावांनी समोर उभं राहायचं. नवघर रोडवरच्या हॉलमध्ये स्पीकरवर १९९९चा आवाज लागला, जनरेटरच्या घरघरीसकट. लोकांनी मागे म्हणावं म्हणून नागोरावांनी तेव्हा जेवढी जागा सोडली होती, तेवढ्याच जागेत आजचे लोक म्हणाले. त्या जागेत तेव्हाचे लोकही होतेच. काकांनी दशरथांना रिक्षाने आणलं होतं. ते म्हणत नव्हते. ते डोळे मिटून त्या गर्दीत एक आवाज शोधत होते. सापडला की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही.

नंतर नागोरावांनी फोनमधून भाषण दिलं. घरून टाइप करून आणलेलं. लोक रडले, टाळ्या वाजल्या. काका मागे भिंतीला टेकून उभे होते. हातात कॅमेरा नसलेलं हे त्यांचं बहुधा पहिलंच लग्न.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं.

चार दिवसांनी तेजश्रीने काकांना लग्नाचा रील पाठवला. शूटिंग अभिनव नावाच्या मुलाच्या टीमचं. ड्रोन, तीन कॅमेरे, रंग सुंदर. नव्वद सेकंदांत सगळं लग्न. मधे चार सेकंद नागोराव दिसतात, हातात फोन धरून उभे, सगळी सभा त्यांच्याकडे बघतेय. आणि पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत एक गाणं वाजतंय.

काका अभिनवच्या ऑफिसात गेले. "बाळा, ते आजोबा बोलत होते तेव्हाचा मूळ आवाज ठेवलाय ना तू? मोठा व्हिडिओ करशील त्यात घालशील?"

"काका, मोठ्या व्हिडिओलाही म्युझिकच देतो आम्ही. हॉलचा ऑडिओ लई बेकार असतो, इको, चमच्यांचा आवाज. पब्लिकला नको असतो."

"पण मूळ आहे ना?"

"कार्ड फॉर्मॅट केलं ना काका. दुसऱ्या दिवशी मिरा रोडला फंक्शन होतं. कशाला टेन्शन घेताय? शंभर लोकांनी फोनवर काढलंय."

ते खरंच होतं. तेजश्रीच्या फोनमध्येही होतं, उभं, थोडं हललेलं, आवाजासकट. काकांनी तिला त्याच दिवशी सांगितलं, तीन ठिकाणी ठेव. ती हो काका म्हणाली, ठेवते, नक्की. तसलंच 'नक्की' त्यांनी कॅसेटमध्ये स्वतःच्या आवाजात ऐकलं होतं. आता ते दर रविवारी तिला मेसेज करतात, ठेवलंस का. ती अंगठा पाठवते. फोन भरला की माणूस आधी काय पुसतो, ते त्यांनी गाळ्यातल्या गिऱ्हाइकांकडून रोज बघितलंय. मोठे व्हिडिओ.

दशरथांची कॅसेट त्यांनी परत नेऊन दिली. टेबलाखाली लाकडाची चकती बसवली आणि कॅसेट कपाटात ठेवायला लावली. डायरीत दशरथांच्या नावानंतरची तीन घरंही बघून झाली, तिथे काही नव्हतं. सकाळी गाळा उघडला की ते दिपेशभाईंचं मशीन पाच मिनिटं चालू करून बंद करतात, आतलं तेल सुकू नये म्हणून. काचेवरच्या कागदाखाली त्यांनी हाताने एक ओळ वाढवलीय, 'मूळ कॅसेट फेकू नका.' ती वाचून अजून तरी कुणी आलेलं नाही.

नागोराव येतात अधूनमधून. आता पाटी घरी ठेवून फोन आणतात. फोन त्यांच्याच आवाजात राजकारणावर बोलतो, सुचेताकाकूच्या भजीला नावं ठेवतो, काकांना 'ए व्हिडिओ' म्हणून हाक मारतो. त्या दिवशी पाटीवर लिहून पुसलं तेवढं सोडून सगळं बोलतो. काकांनी दोनदा आठवण करून दिली. दोन्ही वेळा नागोरावांनी फोन खिशात घातला आणि रस्त्याकडे बघत बसले.

आता नागोरावांकडे आवाज आहे. तो शोधायला काका डोंगरीपर्यंत गेले, बुरशी पुसली, स्वतःचं खोटं न कापता ऐकवलं. मोबदल्यात त्यांना एकच उत्तर हवंय, मग ते पाटीवर येवो की फोनवर. शंभर घरांत आपल्या ओठांवर दुसऱ्याचा आवाज बघून, दिलेला शब्द मोडलेला बघूनही, हा माणूस पुढच्या घरी जाऊन 'व्हिडिओ बबनला द्या' असं का सांगत होता?